घोरपडीचे ऊन आणि इग्वानाचे अंगण

फुलंब्रीच्या माळरानावर, बांधांच्या कपारींत आणि वारुळांच्या आसपास वावरणारी घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत वाढू शकते. असा भव्य प्राणी परसात कुंपण घालून पाळावा असे कोणाच्या मनात आले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन त्यास सक्त मज्जाव केला आहे, आणि तो सर्वथा न्याय्य आहे.

विदेशी हिरवा इग्वाना बाळगणाऱ्यास मात्र २०२४ च्या नियमांन्वये सरकारदफ्तरी नोंद करून तशी मुभा मिळते; परंतु दस्तऐवज पुरा झाला म्हणजे प्राण्याची गरज पुरी झाली असे नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांना देहाची ऊब बहुतांशी बाहेरून मिळवावी लागत असल्याने, एका टोकास तळपते ऊन व दुसऱ्या टोकास गर्द सावली असल्याखेरीज त्यांचे पचनसुद्धा सुरळीत चालत नाही. काचेआडचे ऊन येथे निरुपयोगी, कारण ज्या अतिनील किरणांच्या योगे त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण होते व कॅल्शियम अस्थींत मुरते, ते किरण काच अडवते. म्हणून खुला, जाळीदार, उंच पिंजराच इष्ट. त्यात चढण्यास फांद्या, डुंबण्यास पाणी आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांपलीकडील वैशाखात दाट छाया हवी, तर हिवाळ्याच्या रात्री उबदार निवारा अपरिहार्य.

घोरपड विहिरीत पडलेली किंवा कोणी डांबून ठेवलेली दिसल्यास, वाचकहो, वनखात्यास १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवा.