ओटीपोट दुखतंय, दोष कुणाचा?

ओटीपोटात दुखतंय म्हटलं की बाईच्या बाबतीत बोट गर्भपिशवीकडे जातं आणि पुरुषाच्या बाबतीत प्रोस्टेटकडे. तपासणी व्हायच्या आधीच आरोपी ठरलेला असतो. खरं तर कमरेच्या हाडांच्या त्या पोकळीत मूत्राशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, जननेंद्रियं आणि या सगळ्यांना खालून तोलून धरणारे स्नायू एकमेकांना खेटून असतात. त्यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसाही मज्जारज्जूत शेजारीशेजारी येऊन मिळतात, त्यामुळे कळ नेमकी कुठून उठली हे मेंदूलाही धड कळत नाही. मूत्रवाहिनीत अडकलेला मुतखडा जांघेत कळ मारतो, पुरुषांच्या अंडकोशातही मारतो. म्हणूनच दुखऱ्या जागेवरून अवयव ठरवण्याची घाई धोक्याची आहे, आणि या घाईची किंमत महाराष्ट्रातल्या कष्टकरी बायकांनी चुकती केलेली आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यातले आकडे मांडले: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. तक्रारी काय, तर अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, कंबर आणि ओटीपोट दुखणं. पांढरं जाण्यामागे जंतुसंसर्ग असेल तर त्यावर गोळ्या असतात. तो शरीरसंबंधातून आलेला असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. जननमार्गाचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्यालाही औषधं आहेत. दिवसभर वाकून ऊस तोडून, डोक्यावर मोळ्या वाहून भरलेली कंबर तर पिशवी काढल्याने सुटणार नाही. उलट शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर तिशीतच पाळी गेल्यासारखी अवस्था येते आणि हाडं वेळेआधी ठिसूळ होतात.

यावर उत्तर येतं की उचल घेऊन फडावर आलेल्या बाईला दर महिन्याला खाडा परवडत नाही; मुकादम दंड कापतो, मग एकदाची कटकट गेलेली काय वाईट? तिची अडचण शंभर टक्के खरी आहे. पण ती मजुरीची आणि फडावर संडास-पाणी नसण्याची अडचण आहे, तिला शस्त्रक्रिया हा इलाज कसा होईल? शिवाय पिशवी काढून हमखास बरं वाटतं असंही नाही. गर्भपिशवीच्या स्नायूतच अस्तर शिरलेलं असेल, म्हणजे ॲडिनोमायोसिस असेल, तर पिशवी काढल्याने खरोखर सुटका होते, हे मान्यच करायला हवं. एंडोमेट्रिओसिसचं तसं नाही. त्यात अस्तरासारखी ऊती पिशवीच्या बाहेर, बीजकोशांवर, आतड्यावर, मूत्राशयावर रुजते आणि ती तिथेच राहिली तर दुखणंही राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे, तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ हे घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे ऐकवलं जातं. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तो नाही असं होत नाही. शिवाय चार ठिपके असलेली बाई गडबडा लोळते आणि आतून सगळं चिकटलेल्या बाईला कधीकधी पत्ताही नसतो. आजार किती पसरला यावरून वेदना मोजता येत नाही.

पुरुषांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ते ती बोलतच नाहीत. गुदद्वार आणि अंडकोश यांच्या मधल्या जागेत ठसठस, लघवीला जळजळ, वीर्यपतनानंतर कळ. निदान होतं प्रोस्टेटला सूज, आणि अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक सुरू. प्रत्यक्षात प्रोस्टेटायटिस म्हणून नोंदल्या जाणाऱ्या दहांतल्या नऊ रुग्णांच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असतात, आणि ते सैल करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: इतक्या तपासण्या खेड्यात कुठून आणायच्या? पण सुरुवातीची चाळणी प्रश्नांनी आणि हातानेच होते. लघवी तुंबली की दुखतं आणि करून आलं की थांबतं, असं असेल तर संशय मूत्राशयावर. शौचाला जाऊन आल्यावर उतार पडत असेल तर आतड्यावर. रुग्णाला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचे. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं आहे, आतल्या अवयवाचं नाही. याला खर्च शून्य, वेळ मिनिटभर. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण करणं तर शुद्ध आळस आहे. सहा महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जारज्जू आणि मेंदूच हुळहुळे होतात, मूळ कारण शमलं तरी साधा स्पर्श बोचतो. त्यावर औषधं आहेत, व्यायाम आहेत, समुपदेशनाचाही उपयोग होतो, पण वेदना खरी आहे हे आधी कबूल करून.

घाई करायचीच तर ती कुठे, तेही सांगायला हवं. मुलग्याच्या किंवा तरुणाच्या अंडकोशात अचानक असह्य कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांत सोडवला तरच अंडकोश वाचण्याची चांगली शक्यता असते. पाळी चुकलेल्या बाईला एका बाजूला कळ येऊन चक्कर आली तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं, ताप-उलटीसह वाढणारं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं. या तिघांनाही सकाळपर्यंत थांबवायचं नाही. रात्री मिळेल त्या गाडीने, ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं.