सल्ला न देणारा समुपदेशक

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काम करत होते, तेव्हाची गोष्ट. एका बाईचा मुलगा हाताबाहेर गेलेला. आईने लहानपणी झिडकारलं हेच त्याचं मूळ, असं निदान करून रॉजर्स तिला ते परोपरीने पटवून देत राहिले. बाई काही बधेना. शेवटी दोघांनीही हात टेकले. निघताना दारातून वळून तिने विचारलं, ‘इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळतं का?’ आणि परत येऊन नवऱ्याशी बिनसलेल्या संसाराची सगळी कहाणी सांगितली. आधी लिहून घेतलेल्या माहितीत यातलं काहीच नव्हतं. दुखतंय कुठे हे ज्याचं त्यालाच ठाऊक, हे रॉजर्सना तिथे उमगलं.

त्यांची व्यक्तिकेंद्री उपचारपद्धती याच समजुतीवर उभी आहे. माणसात बदल घडण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी त्यांनी १९५७ मध्ये मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या: मुखवटा न घालता वागणं, समोरच्याला विनाअट स्वीकारणं आणि समानुभूती.

तिसरी सर्वांत अवघड. ‘नापास झालो, बाबांना काय तोंड दाखवू?’ असं मुलगा म्हणाला, की ‘पुन्हा बस परीक्षेला’ हे आपल्या ओठांवर तयारच असतं. रॉजर्सच्या वाटेने जाणारा म्हणेल, ‘नापास होण्यापेक्षा बाबांच्या समोर जाणं जड वाटतंय, असंच ना?’ हा अंदाज असतो. चुकला तर मुलगा तो दुरुस्त करतो. समोरच्याचेच शब्द परत ऐकवण्याची ही निव्वळ पोपटपंची नव्हे. ती तर जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या संगणक प्रोग्रॅमने १९६६ मध्येच करून दाखवली होती!

मला रॉजर्स मोठे वाटतात ते वेगळ्याच कारणाने. बंद दाराआडचं हे काम त्यांनी ध्वनिमुद्रित केलं, आणि एका व्यक्तीबरोबरची आठही सत्रं १९४२ च्या पुस्तकात शब्दशः छापली. पुढे चार्ल्स ट्रूअक्स यांनी रॉजर्सच्याच ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. काही प्रकारच्या बोलण्याला रॉजर्स नकळत अधिक जिव्हाळ्याने दाद देतात, असं त्यात आढळलं. म्हणजे पूर्ण तटस्थपणा त्यांनाही साधला नव्हता.

एवढ्या अटी पुरेशा आहेत, हा त्यांचा दावाही टिकला नाही. मंत्रचळात (ओसीडी) भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा सराव लागतो, स्किझोफ्रेनियात औषधं लागतात. मात्र उपचार कोणताही असो, समुपदेशकाशी नातं जुळलं तर गुण येण्याची शक्यता वाढते, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. तेव्हा काही भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, तर तसं स्पष्ट सांगा. तरीही फरक पडला नाही, तर समुपदेशक बदलायला संकोचू नका.