माठातली शिशी

शुगर एकदम उतरली तर काय करायचं, ते आज लिहिणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यात. लाखांदूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न मे महिना सरायच्या आत निकाली निघायला हवा, शिवाय माझ्या आवडीचा विषय आयताच हाती लागला आहे. घरी फ्रीज नाही, आईला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. शेजारी म्हणतात आमच्या फ्रीजमध्ये ठेवा, आई म्हणते माठापाशी ठेव. कोणाचं ऐकू?

आईचं ऐका. फक्त माठापाशी नको, माठात ठेवा.

खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद सहसा कोणी वाचत नाही. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत ठेवा, आणि वापरात घेतलेली ३० अंशांच्या आत ठेवून साधारण चार आठवड्यांत संपवा, असं बहुतेक इन्सुलिनांच्या कागदावर असतं. म्हणजे चालू शिशीला फ्रीज लागतोच असं नाही, तिला ३० अंश पुरतात. आता भंडाऱ्याच्या मे महिन्यात ३० अंश आणायचे कुठून? बाहेर पारा ४४-४५ वर, टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. कवेलूच्या घरात जरा बरं.

इथे आपली कोरडी हवा कामी येते. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना माठाचीच उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे काम झपाट्याने होतं. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओली वस्तू बाष्पीभवनाने २४ अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. घरचा माठ तितका उतरत नाही, दोन-चार अंश वरच अडतो. तरी ३० च्या आत! रोवणीच्या दिवसांत हवा दमट झाली की हाच माठ जेमतेम दोन-तीन अंश खाली येतो, पण तोवर उन्हाळाही उतरलेला असतो.

करायचं असं. रुंद तोंडाच्या मोठ्या माठात वैनगंगेची रेती भरायची, तिच्यात लहान मडकं बसवायचं आणि भोवतालची रेती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. शिशी झाकणाच्या प्लास्टिक डबीत घालून लहान मडक्यात ठेवायची, म्हणजे लेबल भिजत नाही. वर ओलं फडकं. ऑइलपेंट मारलेला शोभेचा माठ घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. आणि माठ कपाटात कोंडू नका, सावलीत पण वाऱ्यावर ठेवा.

ही झाली घरगुती युक्ती. तिच्यामागे आता चांगला अभ्यासही उभा आहे. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत घरोघरी फ्रीज कुठून असणार? जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी तिथलं २५ ते ३७ अंशांत हेलकावणारं तापमान प्रयोगशाळेत उभं केलं आणि चार आठवडे इन्सुलिन त्यात ठेवलं. औषधाचा जोर टिकला. २०२१ साली ते छापून आलं. पुढे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, काही प्रकारच्या मानवी इन्सुलिनच्या न उघडलेल्या शिश्या ३७ अंशांपर्यंत दोन महिने टिकू शकतात, असा निष्कर्ष निघाला. ग्लार्जिनसारख्या नव्या इन्सुलिनांना हे सरसकट लावू नका, त्यांचा कागद पाहा.

मुळात इन्सुलिन इतकं नाजूक नाही, कारण शिशीत त्याचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती घट्ट बसून असतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने १९६९ मध्ये उलगडली. त्या गटात आपले एम. विजयनही होते. तो इतिहास मला फार प्रिय आहे, पण जागा नाही.

मला धास्ती आहे ती शेजाऱ्यांच्या फ्रीजची. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून शिशी ठेवली की ती गोठते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी फेकायचंच. दारातल्या कप्प्यात ठेवा, तिथे गोठायची भीती कमी. मेडिकलवाला शिशी बर्फाच्या पिशवीत देतो, तीही बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कापड असू द्या. घरी जाताना गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नको. मे महिन्यात डिक्की म्हणजे भट्टी.

दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळूच फिरवल्यावर एकसारखं पांढरं व्हायला हवं. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला दवासारखा थर धरला तर शिशी बाद. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर तेही बाद. पण बिघाड दरवेळी डोळ्यांना दिसेल असं नाही. जेवण तेच, डोस तोच, आणि शुगर मात्र तीन-चार दिवस चढतीच, असं झालं तर शिशी कुठे ठेवली होती हे डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर शिशी अर्धी मेलेली, म्हणून डोस वाढतो. महिनाअखेर नवी, ताजी शिशी येते आणि तोच वाढवलेला डोस टोचला जातो. मग दुपारी धुऱ्यावर घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी खिशात काय हवं, ते पुढच्या आठवड्यात नक्की.