धारवाडचा हुप्प्या आणि सावत्र बाप

सावत्र बापाने मूल मारल्याची बातमी आली की ‘वानरांतही असेच चालते’ असे जाणतेपणाने सांगणारा कोणीतरी भेटतोच, तेव्हा हा निसर्गनियमच समजावा काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

या म्हणण्याचे मूळ धारवाडच्या रानात आहे. तेथे १९६२ मध्ये युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिले की, नरांच्या एका टोळीने चाल करून जुन्या हुप्प्याला बेदखल केले, मग त्यांच्यातल्याच एकाने बाकीच्यांना पिटाळून आपला एकट्याचा अंमल बसवला, आणि त्यानंतर कळपातली पिल्ले चाव्यांनी मारली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ कादंबरी वाचलेल्यांना हे अपरिचित नाही. परंतु प्राणी जातीच्या हितासाठी वागतात असे मानणाऱ्या तत्कालीन पंडितांना ही निव्वळ विकृती वाटली.

पुढे अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी या क्रौर्याचा हिशेब मांडला. हिशेब असा की, अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही, हुप्प्याची सद्दी सरासरी सव्वादोन वर्षांची, तेव्हा परक्याचे पिल्लू वाढेतो थांबणे त्याला परवडत नाही. माद्याही काही मुकाट सोसत नाहीत. गाभण असतानाही नव्या नराशी संग करून त्या पितृत्वाचा असा घोटाळा करून ठेवतात, की निवाडा कोणत्याही हुप्प्याला करता येऊ नये! हा तर्क खरा असेल तर नराने स्वतःचे पिल्लू मारता कामा नये. नेपाळातील रामनगरच्या वानरांच्या डीएनएची तपासणी होऊन १९९९ मध्ये तसेच आढळले, आणि या कसोटीला उतरल्याने त्या तर्काची शास्त्रातली प्रतिष्ठा अधिकच पक्की झाली.

मनुष्याच्या बाबतीत कॅनडातील मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८८ च्या ग्रंथात सावत्र मुलांना असलेला धोका कित्येक पटींनी अधिक दाखवला. तथापि उत्क्रांतीने घडवली ती वात्सल्याची निवड, हत्येची प्रवृत्ती नव्हे, हे त्यांचे म्हणणे मखलाशी करणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळले. स्वीडनमधील २००० सालच्या पाहणीत तर तसा फरकच दिसला नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हा वानराचा दाखला देऊन माणसाच्या गुन्ह्याची कैफियत लिहिणाऱ्यास वाचकाने एवढेच विचारावे: काय आढळले असता आपण हा दावा मागे घ्याल? ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याचे म्हणणे शास्त्र म्हणून दप्तरी दाखल करू नये.