एक्सप्लेनर : रुतलेली ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर दोन, जोर मात्र एकाचाच! असं का होतं?

दारव्हा : पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॉली रुतली की शेजारचा ट्रॅक्टर मदतीला येतो. एक डावीकडून ओढतो, दुसरा उजवीकडून. दोर ताणतात, ट्रॉली जागची हलत नाही. ट्रॅक्टरमध्ये दम नाही का? आहे. घोळ दोरांमधल्या कोनाचा आहे.

बल ही सदिश राशी. तिला आकड्यासोबत दिशाही असते. त्यामुळे बलांची बेरीज किराणा बिलासारखी होत नाही.

समजा, दोन्ही ट्रॅक्टर प्रत्येकी ५००० न्यूटन बलाने ओढताहेत. दिशा एकच असेल तर निव्वळ बल १०,००० न्यूटन. दोरांमध्ये ६० अंशांचा कोन झाला की ते ८६६० वर येतं, काटकोनात ७०७१ वर. आणि १२० अंशांवर? फक्त ५०००! डिझेल दोघांचं जळतं, ओढ एकाचीच. प्रत्येक दोरावरचा ताण मात्र ५००० च राहतो.

हे काढायचं कसं? पहिल्या बलाचा बाण काढा, त्याच्या टोकापासून दुसऱ्याचा. सुरुवात ते शेवट जोडणारी रेघ म्हणजे निव्वळ बल. न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हाच नियम समांतरभुज चौकोनाच्या रूपात आहे.

ट्रॅक्टर लहान-मोठे असतील तर? काटकोनात ४००० आणि ३००० न्यूटनची बेरीज ५०००, पण मोठ्या बलाकडे झुकलेली, त्याच्या दोरापासून सुमारे ३७ अंशांवर. भरलेली ट्रॉली अशी तिरकी ओढली तर कलंडू शकते.

म्हणून दोर लांब घ्या. ट्रॅक्टरमधलं अंतर तेवढंच असलं, तरी कोन लहान होतो. आणि ताणलेल्या दोराजवळ पोरांना उभं राहू देऊ नका.