दोन धावांचा फरक, आठपट भाव

१५ ऑक्टोबर २०२१, दुबई. आयपीएलची फायनल, चेन्नईच्या डावाचा शेवटचा चेंडू. फाफ डू प्लेसीच्या हंगामात ६३३ धावा झालेल्या. त्याचा सलामीचा जोडीदार, आपल्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड, ६३५ वर बाद होऊन बसलेला. एका षटकाराने ऑरेंज कॅप फाफची झाली असती. त्याने बॅट फिरवली आणि झेल गेला. कॅप पुण्याला आली.

आता लिलावातले भाव बघा. फाफ १ कोटी ६० लाख, ऋतुराज २० लाख.

२० लाख म्हणजे तेव्हाची नवख्यांची तळाची बोली. डिसेंबर २०१८ च्या जयपूरच्या लिलावात चेन्नईने त्याला तेवढ्यातच उचललं. त्याच दिवशी तितक्याच मूळ किमतीचा वरुण चक्रवर्ती ८ कोटी ४० लाखांना गेला! पुढच्या हंगामात वरुण एक सामना खेळला, ऋतुराज एकही नाही. नवख्याचा भाव म्हणजे निव्वळ अंदाज. चुकला तर फटका संघाला, बरोबर ठरला तर मलई संघाचीच.

अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगने हा जुगार नियमात बांधला. तिथे नवख्याला बोली नाही. कितव्या क्रमांकावर निवड झाली, त्यावर चार वर्षांचा पगार जवळजवळ ठरूनच येतो. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. २०११ मध्ये नियम बदलला आणि पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. वरून पहिली तीन वर्षं करार वाढवून मागायची सोय नाही. २०२२ चा ब्रॉक पर्डी २६२ वा, म्हणजे यादीतला अगदी शेवटचा. वर्षाला १० लाख डॉलरच्या आतल्या पगारात त्याने संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तीन वर्षांची मुदत सरताच, २०२५ मध्ये, पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख डॉलर. वर्षाचा हिशेब पन्नास पटींच्या वर!

आपला गडी त्याच्याही पुढे. २०२२ साठी चेन्नईने ऋतुराजला ६ कोटींना राखलं, २०२५ साठी १८ कोटींना. २० लाखांच्या नव्वद पट. पर्डीसारखं कुलूप त्याच्या करारावर नव्हतं, पण संघ सोडत नाही तोवर नव्याने बोली तरी कुठे लागणार?

गंमत म्हणजे, राखलेल्या खेळाडूंच्या २०२५ च्या याच यादीत चेन्नईने ४३ वर्षांच्या महेंद्रसिंह धोनीला ४ कोटींत बसवलं. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, असा नियम त्या वर्षी होता. कागदोपत्री धोनी नवख्यांच्या रांगेत, आणि कर्णधार ऋतुराज त्याच्या साडेचारपट महाग.