अनारसा का हसतो?

दिवाळीच्या फराळात सगळ्यात आधी सुरुवात होते ती अनारशाची. तांदूळ 3 दिवस भिजतात आणि पाणी रोज बदललं जातं. या काळात सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांच्यामुळे पाणी किंचित आंबूस होतं, तर भिजलेला दाणा मऊ होऊन सहज कुटला जातो.

निथळून, सावलीत सुकवून दमट असतानाच तांदूळ कुटतात, पीठ चाळतात. त्यात किसलेला गूळ आणि थोडं तूप मिसळून गोळे काही दिवस मुरवतात. गूळ ओल धरतो, त्यामुळे घट्ट पीठही हळूहळू सैल होतं.

खरी कसोटी कढईत!

खसखशीवर थापलेला अनारसा मंद आचेच्या तुपात सोडला, की गूळ वितळतो आणि पाण्याची वाफ वाट काढत बाहेर पडते. तिच्या वाटा म्हणजेच जाळी. खसखशीची बाजू वर ठेवतात. अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात.

गूळ जास्त झाला तर तांदळाचा स्टार्च त्याला धरून ठेवू शकत नाही. गव्हातलं ग्लुटेन तांदळात नसतंच. मग अनारसा तुपात विरघळून पसरतो. यालाच सुगरणी म्हणतात, ‘अनारसा हसला’. त्यावर उपाय घरातच असतो: उरलेल्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची.

अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात, तेही याच जाळीदार पदार्थाचं.